दारातला गार्ड

“उद्या, मंगळवारी नवीन व्हर्जन लागेल. दारातला तो गार्ड उडवलाय त्यात,” संग्रहालयाचं तांत्रिक काम बघणारा सौरभ म्हणाला आणि चष्मे पुसणारा नंदाचा हात जागीच थांबला.

तो गार्ड म्हणजे नंदाचा नवरा, पोपट. संग्रहालयातल्या मूर्तींच्या दालनाचं चित्रण झालं, त्या दिवशी त्याला कुणी बाजूला हो म्हणालं नाही, म्हणून तो त्यात राहून गेला. पुढच्या वर्षी पोपट वारला. आता खरं दालन कुलूपबंद आहे. लोक व्हीआरचा चष्मा चढवून तेच दालन फिरतात, माहिती द्यायला चाकांवरचा रोबो असतो आणि चष्मे पुसायला नंदा. सोमवारी संग्रहालय बंद असे. तेव्हा चार्जिंग बघायच्या निमित्तानं ती येरवड्याहून येई आणि चष्मा लावून नवऱ्यासमोर उभी राही. घरी त्याचा एकच फोटो, तोही आधार कार्डावरचा. इथे तो टोपी नीट करत होता, पापण्या लववत होता.

“का पण?” तिनं विचारलं.

सौरभनं रिपोर्ट दाखवला. काय लक्षात राहिलं, असं रोबो शेवटी प्रत्येकाला विचारतो आणि उत्तरं साठवतो. वर्षभरात कुठल्याही एका मूर्तीपेक्षा गार्डचंच नाव जास्त वेळा आलं होतं. म्हणजे लोकांचं लक्ष भलतीकडे जातंय, असं वरच्यांनी ठरवलं.

पुण्यात लोक न विचारता मत देतात. नंदाला तर रोबो दर सोमवारी अदबीनं विचारत होता. चार चांगले शब्द कानावर गेले तर त्याला ठेवतील, म्हणून तीही दर वेळी सांगत आली होती, गार्ड फार शोभून दिसतो. तिनंच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

“ते मी बोलले होते, सर. माझे मिस्टर आहेत ते. चांगलंच बोलले होते हो मी.”

सौरभचा चेहरा उतरला. त्यानं तिच्यासमोरच चित्रण करणाऱ्या कंपनीला फोन लावला. जुनं चित्रण पुसून झालं होतं, चष्म्यांतलंही. एक तरी फोटो द्या, म्हणून ती गयावया करत राहिली. तो नुसती नकारार्थी मान हलवत होता.

मंगळवारी, लोक यायच्या आत, तिनं चष्मा चढवला. दार रिकामं होतं. ती तिथवर गेली आणि त्याच्या जागेवर, त्याच्यासारखीच आत तोंड करून उभी राहिली. एवढ्या मूर्तींसोबत दिवस काढून हा माणूस घरी त्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नाही, म्हणून ती अठरा वर्षं त्याच्यावर चिडत आली होती.

तिथून एकही मूर्ती दिसत नव्हती. समोर फक्त खांब होता.