सिस्टरच्या हातांचा दोष

"डावीकडे घ्या, सिस्टर. आता उजवीकडे. शेवटाला टेकलं की दाबून धरू नका, लगेच सोडा!" बॉनेटमागून मिस्त्री ओरडला.

सिस्टरनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. गाडी कण्हली. त्यांच्या खांद्यातून कळ निघाली, पण चेहऱ्यावर त्यांनी ती येऊ दिली नाही.

"बघितलंत ना?" बाजूला उभा असलेला मुलगा म्हणाला. "पासष्टी आली आईची. हातांना झेपत नाही आता. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचंय, जरा धुऊनपुसून द्या, झालं."

गाडी विकायचं सिस्टरनीच ठरवलं होतं. बत्तीस वर्षं दवाखान्यात काढून निवृत्त झाल्यावर त्या अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या. अकरा घरं होती. गेल्या महिन्यात एका वळणावर स्टिअरिंग फिरता फिरेना आणि गाडी कठड्याला घासली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "माझे हात गेले रे," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून लांबची चार घरं सुटली होती.

मिस्त्रीनं हात पुसले. "साहेब, जरा तुम्ही बसा."

"मी?"

"बसा तर खरं."

सिस्टर उतरल्या आणि मुलगा स्टिअरिंगवर बसला. एका हातानं फिरवायला गेला, मग दुसराही लावला. मानेच्या शिरा तटतटल्या. अर्ध्यावर जाऊन त्यानं हात सोडले आणि मुकाट्यानं खाली उतरला.

"पस्तिशीतले हात आहेत हे," मिस्त्री म्हणाला. "सिस्टर, स्टिअरिंगच्या टाकीत तेल कधी घातलं होतं?"

"दर रविवारी घालते. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला होता, कमी झालं की भरत जा."

"आणि दर रविवारी ते जातं कुठं?"

सिस्टर पुढे होऊन बॉनेटखाली वाकल्या.

मिस्त्रीनं सगळ्या नळ्या फडक्यानं कोरड्याठाक पुसल्या, इंजिन चालू करून चाकं दोन्हीकडे फिरवून घेतली आणि टॉर्चचा झोत आत टाकला. स्टिअरिंगच्या पंपाच्या सांध्याशी एक काळपट लाल थेंब फुगला, घरंगळला. मागोमाग दुसरा. त्यानं इंजिन बंद केलं.

"काय बाई मी तरी!" सिस्टरनी कपाळावर हात मारला. "सलाईनवर सलाईन चढवत बसले आणि रक्त कुठून वाहतंय ते बघितलंच नाही! हाताखालच्या पोरींना याच चुकीवरून किती बोलले असेन."

मिस्त्रीनं सांध्यातली चिरलेली रबरी रिंग काढली. नळीही फुगलेली होती, तीसुद्धा बदलली. टाकीतलं जुनं तेल काळं झालं होतं, जळकट वास मारत होतं. ते सगळं काढून त्यानं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेलच भरलं. मग पुढची चाकं जॅकवर उचलली.

"सिस्टर, पुन्हा आत बसा. इंजिन बंदच असू दे. सावकाश फिरवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

टाकीत बुडबुडे उठू लागले. सिस्टरनी खिडकीतून मान बाहेर काढली. "हवा पुरती निघाल्याशिवाय चालू करायची नाही. इंजेक्शनचंही तेच."

"तुम्हाला काय शिकवायचं!" मिस्त्री हसला. आणखी थोडं तेल घालून त्यानं झाकण लावलं. "आता भरत बसू नका. महिन्यातून एकदा टाकीवरची खूण बघा. तेल तिच्या खाली गेलेलं दिसलं, की माझ्याकडे या."

गाडी जमिनीवर टेकली. इंजिन सुरू झालं. सिस्टरनी स्टिअरिंग फिरवलं, ते लोण्यासारखं फिरलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. कारण नव्हतं, तरी फिरवलं. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन पालथे, उताणे करून बघितले.

मुलगा खिडकीशी आला. "आई, त्या गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"खरं ते सांग. गाडी कामावर गेलीय म्हणावं. चार घरं राहिलीत माझी."

त्यानं फोन काढला, परत खिशात टाकला आणि पलीकडचं दार उघडलं. सीटवर मलमपट्टीची बॅग होती. ती उचलून मांडीवर घेऊन तो बसला.

"दोन्ही हातांनी धर," सिस्टर म्हणाल्या. "बाटल्या आहेत आत."

आणि एका तळव्यानं स्टिअरिंग वळवत त्यांनी गाडी गल्लीबाहेर काढली.