गादीखालची फळी

मिस्त्रींच्या बायकोला खुर्चीतून उठणं जड जाऊ लागलं, तेव्हा मिस्त्रींनी इलाज केला तो खुर्चीवर. चारही पायांखाली दोन बोटं जाडीचे ठोकळे बसवले, सांधा असा जुळवला की नख अडकू नये, वरून पॉलिश मारलं. काकू पटकन उठल्या आणि मिस्त्री खूश. पुढे तेही पुरेना, तेव्हा ठोकळ्यांखाली आणखी ठोकळे आले. मग पलंग उंच झाला, संडासात चौकट बसली, भिंतींना जागोजागी धरायला दांडे आले. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या, "बघा, याला म्हणतात नवरा!" मिस्त्रीही ते ऐकून फुगायचे. खोटं कशाला बोला?

मग एकदा काकू दवाखान्यात साध्या बाकावर बसल्या आणि त्यांना उठताच येईना. दोघांनी बगलेत हात घालून उचललं, सगळे टकामका बघत होते. त्या दिवसापासून काकूंनी उंबरा ओलांडला नाही. मुलगी परगावाहून धावत आली आणि म्हणाली, "बाबा, आता आईला मी नेते. तुमच्याच्यानं हे व्हायचं नाही."

होय-नाही करता करता तिनं एक संधी दिली आणि ती परत गेली. तीन महिन्यांनी ती येईल, तेव्हा आई साध्या उंचीच्या खुर्चीतून हात न टेकता उठली, तर इथे राहील. नाही उठली, तर बॅग भरायची.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट बाई यायला लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी खाली वाकून खुर्चीचे पाय निरखले.

"काम झकास आहे हो काका. पण उठायचं काम काकूंच्या मांड्यांचं होतं, ते तुम्ही खुर्चीला देऊन टाकलंत. स्नायूंना भार मिळाला नाही की ते वाळतात."

मिस्त्रींनी मान डोलावली. अंगठ्यावर हातोडी बसली की आधी काही कळत नाही, तसं झालं. फरक एवढाच, की नंतरही काही कळलं नाही. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. ते आत गेले आणि बाईंसाठी चहा टाकला.

एकेक ठोकळा उतरत गेला. बाई काकूंना सांगायच्या, "पुढे सरका. टाचा गुडघ्यांच्या मागे घ्या. नाक पावलांच्या पुढे जाऊ द्या, मग उठा. आणि बसताना धपकन नको, हळू बसा, पाय त्यातच घट्ट होतात." मिस्त्रींनाही एक व्यायाम मिळाला होता. काकू उठत असताना हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. तेवढाच काय तो जमेना. काकूंचे गुडघे थरथरले की यांचा हात पुढे आलाच. "हात!" काकू ओरडायच्या, आणि हात मुकाट मागे जायचा.

मुलगी येण्याच्या आदल्या दिवशी काकू उठता उठता मागे कलंडल्या. दुसऱ्या दिवशी काकू अंघोळीला गेल्या, तेव्हा मिस्त्रींनी खुर्चीच्या गादीखाली एक फळी सरकवली. टोचू नये म्हणून तिचे कोपरेही घासून गोल केले होते.

मुलीसमोर काकू बसल्या आणि पहिल्याच झटक्यात उठल्या. मुलीनं टाळ्या वाजवल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. पुन्हा बसल्या, आपल्या पावलांकडे बघत राहिल्या.

"अहो."

"काय गं?"

"फळी काढा."

"कसली फळी?"

"टाचा नीट टेकत नाहीयेत माझ्या. काढा म्हणते ना!"

मुलीनं आईला उठवून बाजूला घेतलं. मिस्त्रींनी फळी काढली. मुलगी हसली.

काकू हात छातीवर दुमडून पुन्हा बसल्या. पहिल्यांदा उठायला गेल्या आणि मागे पडल्या. मिस्त्रींचा हात निघाला. "हात!" मग काकूंनी टाचा मागे ओढल्या, मान पुढे घातली, गुडघे लटपटले आणि त्या उभ्या राहिल्या. हात छातीवर तसेच दुमडलेले.

"जिंकलीस गं आई!" मुलगी म्हणाली. "राहा आता इथेच."

"माझी बॅग भर," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अगं, उठलीस की!"

"उठले. पण तुम्हाला भरवसा नव्हता."

"पडली असतीस तर?"

"पडले असते. पुन्हा केलं असतं. तुमचे हात चांगले आहेत हो, पण त्यांना थांबता येत नाही. इथे राहिले तर वर्षभरात तुम्ही मला परत त्या ठोकळ्यांवर बसवाल."

"रागावलीस?"

"नाही." आणि त्या खरंच रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मिस्त्रींना समजूत तरी काढता आली असती.

"परत कधी येशील?"

"पलंग उतरवा, संडासातली चौकट काढा, सगळं पहिल्यासारखं करा. मग फोन करा, बघू."

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर काकू थांबत होत्या. मधल्या वळणावर त्यांचा तोल जरासा गेला, त्यांनी कठडा धरला आणि सावरल्या. मिस्त्री वर दारात उभे होते, हात पाठीमागे बांधून, बाईंनी शिकवलं होतं अगदी तसे. आज त्यांचा हात एकदाही पुढे आला नाही. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, गाडी गेली. शेजारीण बाहेर आली, काय झालं म्हणून विचारायला लागली. मिस्त्रींचे हात अजून पाठीमागेच बांधलेले होते. ते आता सोडायचे असतात हे त्यांना सुचलंच नाही.