लाल वायर डावीकडे

आमच्या घरात सगळ्यात लाडकं कोण, असं कुणी विचारलं तर मी माझं नाव सांगणार नाही. तो मान उमाकांतच्या हेडफोनचा आहे. माझा नवरा पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात वायरमन आहे. एरवी चप्पल तुटेपर्यंत घालणारा माणूस, पण नाशिकच्या कुणा हौशी गृहस्थाकडून त्यानं हे जुने, भारी हेडफोन घेतले तेव्हा माझी दिवाळीची साडी त्यातच गेली. मखमली पेटीतून ते घरी आले. मी लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आले तेव्हा मलाही इतकं जपून कुणी उतरवलं नव्हतं.

त्या हेडफोनला बॅलन्स्ड जोडणी करायची, हे त्याचं स्वप्न होतं. साध्या जोडणीत डाव्या कानात आवाज जायला एक वायर, उजव्या कानात जायला एक, आणि परत यायला मात्र दोघांना मिळून एकच रस्ता. बॅलन्स्ड म्हणजे दोन्ही कानांना येण्याजाण्याच्या आपापल्या वायरी. दोन वावरांना एकच पाट असला की पाणी इकडचं तिकडे जाणारच, असं तो मला समजावून सांगायचा. चार टोकांची पिन आणि ती जिथं बसते तो डबाही त्यानं आणून ठेवला होता. पण त्यासाठी आधी मूळ पिन कापावी लागणार होती. तो कटर हातात घ्यायचा, वायरीकडे बघायचा आणि कटर खाली ठेवायचा. वर्षभर हेच चाललं होतं.

शेवटी ती पिन कापायला लावली माझ्या सासूबाईंनी.

सासूबाई म्हणजे दगूबाई आणि शेजारच्या तापीकाकू या सख्ख्या जावा. गावात हळद असली की या दोघींशिवाय गाणं उभं राहत नाही. दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसतात, एकीकडे सासूबाई, दुसरीकडे काकू, आणि नात्यागोत्याची नावं घेत गाणं इकडून तिकडे जातं. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या मुलाच्या, ललितच्या हळदीला मात्र हे गाणं मोडलं. मामाच्या नावाशी एका बाजूनं सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. दुसरीकडच्या बायका गोंधळल्या, पोरं हसली आणि डीजेवाल्यानं संधी साधली. मामाचं नाव तसं नाजूकच होतं. काकूंचे भाऊ रूपचंदमामा काही महिन्यांपूर्वी वारले होते, म्हणून त्यांच्या जागी चुलतमामांचं नाव घ्यायचं ठरलं होतं.

गाणं कुणी सोडलं यावरून दोघी जावांची जुंपली. काकू म्हणाल्या, दगूबाईंनी सोडलं. सासूबाई म्हणाल्या, तापीनं सोडलं. बोलणं बंद झालं आणि भिंतीवरून जाणाऱ्या कढीच्या वाट्याही बंद झाल्या. आता माझ्या नणंदेची, रुचिकाची हळद आली होती. दोघी गाणार नसतील तर गाणंच नको, असं रुचिकानं बजावलं होतं. लेकीच्या हळदीला मांडव मुका राहणार, या विचारानं सासूबाईंचं जेवण तुटलं होतं. पण जिची चूक तिनं यावं, हा हेका काही सुटत नव्हता. मला दोघींचाही राग यायचा. एवढ्या मोठ्या बायका आणि भांडण पोरींसारखं.

त्या हळदीचं रेकॉर्डिंग उमाकांतकडे होतं. छोटा रेकॉर्डर त्यानं ओट्यावर बरोबर मध्ये ठेवला होता, एक माइक डावीकडे सासूबाईंच्या बाजूला, दुसरा उजवीकडे काकूंच्या बाजूला. मोबाइलवर नुसता गलका ऐकू यायचा. हेडफोनवरही तेच, कारण जुन्या पिनेतला तो सामाईक सांधा हिरवा पडला होता आणि एका कानातलं दुसऱ्या कानात सांडत होतं. हे सगळं त्यानं आईला पाटाच्याच भाषेत समजावलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग तोड ना तो सांधा. कसानी वाट देखी ऱ्हायना?"

आईचा हुकूम म्हटल्यावर इलाज नव्हता. रविवारी दुपारी त्यानं पिन कापली. कापताना डोळे मिटले होते, हे मी शपथेवर सांगते. आतून एक लाल वायर निघाली, एक पांढरी आणि परतीच्या दोन तांब्याच्या रंगाच्या, एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. त्यानं तो पीळ सोडवला, परतीची कुठली लालची आणि कुठली पांढरीची ते मीटर लावून बघितलं आणि सोल्डरचा एकेक डाग द्यायला घेतला. मी टॉर्च धरून उभी होते. "डावीकडून लाल आधी," असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. डाग मात्र देखणे पडले.

सासूबाईंनी हेडफोन पदरावरूनच चढवले. मामाच्या नावापाशी त्यांनी हात वर केला, परत लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. शेवटी हेडफोन काढून पेटीत ठेवले आणि डाव्या कानावर हात ठेवून शांतपणे म्हणाल्या, "चूक मन्ही शे. डावा कानमा शे."

त्यांनी वाटीभर कढी घेतली आणि मला सोबत घेऊन काकूंच्या दारात उभ्या राहिल्या. गाणं मीच सोडलं होतं, राग धरू नको, असं सरळ सांगून टाकलं. काकू आता ऐकवतील, अशी माझी खात्री होती. पण त्यांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली. मग एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे बाई. बस, चहा ठेवस." मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण चहा चांगला झाला होता आणि मी सुखावले होते.

दुसऱ्या दिवशी उमाकांत पडलेल्या चेहऱ्यानं स्वयंपाकघरात आला. कारखान्यात पॅनलला लाल, पिवळी, निळी अशी डावीकडून सुरुवात होते. त्याच सवयीनं त्यानं लाल वायर डाव्या बाजूला जोडली होती. आणि हेडफोनमध्ये लाल म्हणजे उजवा. म्हणजे डाव्या कानात ऐकू आल्या त्या तापीकाकू होत्या. गाणं काकूंनीच सोडलं होतं.

मला फार वाईट वाटलं. माझी सासू उगीच वाकली होती, तीही माझ्या नवऱ्याच्या गाढवपणामुळे. मी तडक अंगणात गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सूप खालीही ठेवलं नाही.

"मन्हा आवाज माले समजस नही का, यामिनी?" त्या म्हणाल्या. "ती 'रूप' इतलंच बोलनी, मंग थांबी गई. भाऊनं नाव तोंडमा उनं तिना. पोरना हळदले कशी रडई ती?"

मी तिथंच पायरीवर बसले. चुलतमामांऐवजी काकूंच्या तोंडी गेलेल्या भावाचंच नाव आलं होतं आणि लेकाच्या हळदीत रडू फुटू नये म्हणून त्या मध्येच थांबल्या होत्या. दोन वर्षं ज्या बाईवर त्या चिडून होत्या, तिचा अडलेला श्वास त्यांनी पहिल्यांदाच नीट ऐकला होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि मीही तांदूळ निवडायला घेतले. आत येऊन मी उमाकांतला सांगितलं की हळद होईपर्यंत त्या वायरीला हात लावायचा नाही. तो निमूटपणे हेडफोन उलटे घालून गाणी ऐकायला लागला.

रुचिकाच्या हळदीला दोघी समोरासमोर बसल्या. मामाच्या नावाशी गाणं आलं तेव्हा सासूबाईंनी आधी आपल्या भावाचं नाव घेतलं आणि मग काकूंकडे बघत रूपचंदमामांचं घेतलं. कुणीच तसं ठरवलं नव्हतं. काकूंनी ते नाव परत उचललं आणि अर्ध्यावर त्यांचा आवाज पुन्हा अडला. या वेळी सासूबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या, मांडव ओलांडून काकूंच्या बाजूला जाऊन बसल्या आणि तिथूनच त्यांनी ती ओळ पुरी केली. काकू रडत रडत त्यांच्या आवाजात आवाज मिसळत होत्या, आणि या वेळी पोरं हसली नाहीत.

रेकॉर्डर नेहमीसारखा ओट्यावर मध्ये ठेवला होता. उमाकांत ते रेकॉर्डिंग अधूनमधून ऐकतो. मेहनतीनं दोन कान वेगळे केले, आणि त्या ओळीला दोघी जावा एकाच कानात ऐकू येतात, अशी त्याची तक्रार आहे. ती तक्रार करताना तो हसत असतो.