बोल्टाखालची फट

सोमवारपासून तिची नोकरी पुन्हा सुरू होणार होती आणि पाळणाघर पार उताराच्या टोकाला. म्हणून शनिवारी दुपारी तिनं सायकलच्या कॅरिअरवर लेकीची, ठकूची सीट बसवायला घेतली. नवरा म्हणाला होता, "मी करतो," पण त्याचं 'करतो' कधी उगवेल याचा नेम नव्हता.

सीट दोन बोल्टांवर उभी राहायची. भोकं आरपार नव्हती. जाड लोखंडात पेरभर आत जाऊन संपायची. जाऊबाईंच्या सीटचा बोल्ट गंजून आतच तुटला होता, हे ऐकल्यापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. तिनं ग्रीसची ट्यूब भोकाच्या तोंडाला लावली आणि काठोकाठ भरेपर्यंत दाबली. बोल्टांच्या आट्यांवरही बोटानं थापलं.

नवरा दारातून डोकावला. "अगं, ग्रीस लावतेस की न्हाऊ घालतेस?"

"तू आपला झोप. माझी पोर बसणार आहे त्यावर."

"आणि माझी नाही का मग?"

बोल्ट आधी लोण्यातून जावेत तसे गेले, मग असे अडले की पाना फिरवता फिरवता तिचं मनगट भरून आलं. आता हत्तीनं ओढली तरी सीट हलायची नाही, असं वाटून ती आत गेली.

पण तिचा स्वभाव! झोपलेल्या ठकूचा श्वासही ती उठून उठून बघायची. संध्याकाळी पुन्हा सायकलीपाशी आली, तर एका बोल्टाच्या डोक्याखालून ग्रीसची बारीक शेवई बाहेर आलेली. तिनं सीट दाबली. किंचित डुलली. खोक्याच्या कागदाची पट्टी फाडून तिनं डोक्याखाली सरकवली. पट्टी सहज आत गेली.



तिला ठकूची औषधाची पिचकारी आठवली. पुढचं टोक बोटानं दाबून धरलं की दट्ट्या कितीही रेटा, पुढे जात नाही. इथंही तेच. बोल्ट लोखंडावर टेकलाच नव्हता. तळाशी कोंडलेल्या ग्रीसवर रेलून बसला होता. ग्रीस हळूहळू पाझरलं असतं, बोल्ट सैल पडला असता, आणि समोर तो उतार.

"पुन्हा इथंच?" नवरा बाहेर आला. तिनं पट्टी सरकवून दाखवली.

"बाप रे. मी तर म्हणणार होतो, आणखी जोर लावू का?"

"जोर माझाही कमी नव्हता रे. माल जास्त झाला."

त्यानं काडीला चिंधी गुंडाळून भोकं साफ केली. तिनं या खेपेला आट्यांवर नुसता हात फिरवल्यासारखं ग्रीस लावलं, खाली चमक दिसेल इतकंच. बोल्ट मघाच्या जागेवरून आणखी दोन फेरे खाली गेले आणि खटकन थांबले. पट्टी शिरेना. नवऱ्यानं पाण्याचे भरलेले कॅन सीटवर बांधून उतार उतरून चढून दाखवला. पट्टी तेव्हाही शिरेना.

सोमवारी सकाळी सासूबाईंनी ठकूला फुगीर जाड कोट चढवला होता. तिला सीटवर बसवून तिनं पट्टा आवळला. छान घट्ट लागला. पाय पॅडलवर गेला आणि तिथंच थांबला. तिनं पट्ट्याखाली हात घातला. कोट चेपला, आणि ठकूच्या छातीपर्यंत अख्खा तळवा मोकळा शिरला.

ती कोट काढू लागली.

"अगं, गारठेल ना पोर!" सासूबाई ओरडल्या.

"आई, पट्टा हिच्यावर नाही, कोटावर बसलाय. आधी पट्टा, मग वरून शाल."

सासूबाईंनी स्वतःच्या अंगावरची शाल काढून दिली. "घे. पण वाऱ्यानं उडता कामा नये."

"ती मी किती घट्ट बांधते बघा."

"बांध, पण श्वास घेऊ दे तिला," नवरा म्हणाला.

तिनं गाठ एक बोट सैल केली. उतार लागल्यावर मान मागे वळवायचा मोह झाला. पण दोन्ही हात हँडलवर हवे होते, आणि मागून ठकू तिच्या पाठीवर थापा मारून आपण आहोत हे सांगतच होती.