भंडारा न लावलेलं कांबळं

महायुद्ध संपलं आणि भिंगारच्या लष्करी गोदामातून परदेशी कांबळ्यांच्या गठड्या लिलावात निघाल्या. त्यातला मोठा ढीग आप्पासाहेब शेटजींनी उचलला. मऊ, हलकी, राखी कांबळी. कोपऱ्यावर इंग्रजी अक्षरांचा शिक्का. हात लावला की मांजरीच्या पोटावरून हात फिरवल्यासारखं वाटे. पण बाजाराला येणारे धनगर महाचिकित्सक. ते कांबळं उलटंपालटं करत, नाकाला लावत आणि "खळीचा वास न्हाई ह्याला," म्हणून खाली टाकत.

म्हणून शेटजी एका सकाळी छगन सणगराच्या दारात आले; त्याने विणलेली घोंगडी आजवर त्यांच्याच दुकानात विकली जात.

छगनचा माग दिवाळीपासून गप्प होता. गावात परदेशी माल इतका स्वस्त आल्यावर घोंगडं विणायला सांगतो कोण? मागाच्या खांबाला बांधलेल्या झोळीत त्याची तान्ही लेक झोपली होती आणि बायको, कडूबाई, एका पायाने झोळी हलवत खळीसाठी चिंचोके निवडत होती.

"शिक्का कातरायचा, काठाला काळी लोकर भरायची, वर कडूबाईच्या हातची खळ," शेटजी म्हणाले. "झालं भिंगारचं घोंगडं! आणि बाजारादिवशी हिनं माझ्या दुकानात बसून भंडारा लावून द्यायचा. बस्स."

ती सणगरणीची रीत होती. घोंगडं गिऱ्हाइकाच्या खांद्यावर घालताना काठाला बिरोबाचा भंडारा लावायचा आणि म्हणायचं, "पावसात सोडनार न्हाई." त्या चिमूटभर हळदीच्या भरवशावर धनगर पोराबाळांसकट पावसाळाभर माळावर राही.

छगन 'व्हय' म्हणाला. शेटजी कांबळ्यांची एक गठडी तिथंच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी कडूबाईने एका कांबळ्याला खळ चोळली, उन्हात खडखडीत वाळवलं, चार कोपरे बांधून दोरीला टांगलं आणि त्यात घागरभर पाणी ओतलं. घोंगडं असतं तर पाणी तसंच डुचमळत राहिलं असतं. इथे मात्र छगनचे पाय भिजले.

"चाळन हाय ही," कडूबाई म्हणाली.

"लोकांना कळंल तवा कळंल."

"कळंल तवा ते माळावर असत्याल. लेकरं छातीशी धरून."

"आपलं लेकरू बघ आधी!"

तिने झोळीत पाहिलं. पोर मूठ चोखत होती, स्वतःशीच हसत होती. आदल्या रात्री त्याच मऊ कांबळ्यात ती किती गाढ झोपली होती, हे कडूबाई विसरली नव्हती. कुठल्याशा मुलखात कुणी बाईबाप्याने ते कातलं असेल, विणलं असेल. त्याच्या कष्टांवर तिचा राग नव्हता. पण त्याच्या मालाला आपलं नाव, आणि आपल्या नावाला खोटी शपथ?

बाजाराच्या दिवशी ती पोरीला कडेवर घेऊन शेटजींच्या दुकानात जाऊन बसली. छगनला वाटलं, बाई वळणावर आली.

पहिला आला भिमाजी धनगर. त्याच्या बापालाही घोंगडं दिलं होतं ते कडूबाईच्या सासूनंच. खळ लावलेलं कांबळं त्याने हुंगलं आणि खांदा पुढे केला. "लाव गं भंडारा, माय."

कडूबाईने कांबळं त्याच्या खांद्यावर घातलं. हात मात्र भंडाऱ्याकडे गेला नाही.

"दादा, हे सातासमुद्रापल्याडचं कांबळं हाय. थंडीला चांगलं, लई ऊबदार. पावसात मातुर तुला सोडून पळंल. घ्यायचं तर कांबळं म्हनून घे. घोंगडं म्हनून म्या देनार न्हाई."

भिमाजी डोकं खाजवत म्हणाला, "स्वस्त हाय पर."

"मग ने की. हिवाळा काढ त्याच्यात. भंडारा तेवढा मागू नगंस."

त्याने खरंच ते नेलं. मागचे दोघे-तिघे मात्र चुळबुळत बाहेर पडले.

"डोकं फिरलंय का तुझं?" शेटजी उसळले. "तुमचं घोंगडं आजपासून माझ्या दुकानात ठेवायचं नाही. बस बोंबलत रस्त्यावर!"

"बसते की. रस्ता काय तुमी लिलावात घेतलाय व्हय?"

ती उठली. घरी विकायला उरलेली घोंगडी होती; त्यातलं एक घेऊन आली आणि शेटजींच्या दुकानासमोर, धुळीत, पसरून बसली. पोर भुकेने रडायला लागली होती. तिला पदराआड घेत कडूबाईने अशी काही आरोळी ठोकली, की पलीकडचा भांडीवालाही वळून बघू लागला:

"हे भिंगारचं घोंगडं! ते परमुलखाचं कांबळं! दोनीला हात लावून बघा, पानी वतून बघा, मग घ्या!"

लोक हसले. काही थांबले. एका म्हाताऱ्याने तर तांब्यासुद्धा मागवला.

तेवढ्यात गर्दीतून छगन आला. मान खाली, कपाळाला आठी. आता हा हात धरून ओढत नेणार, असं सगळ्यांना वाटलं. कडूबाईनेही पोरीला घट्ट धरलं.

छगनच्या खांद्यावर घरातली बाकीची घोंगडी होती.

"सरक जरा," तो म्हणाला, "एकटीनं सगळा रस्ता अडवून बसलीयास."