कॅलेंडरच्या पाठीवरचे आठ शब्द

कल्पिता गेल्याची बातमी मोहन्यात सकाळी दहाच्या सुमारास कळली आणि दुपारपर्यंत नाक्यावर फ्लेक्स लागलासुद्धा. तिचा नवरा सहदेव तोवर कल्याणच्या हॉस्पिटलात कागदांवर सह्या करत होता. तिला घरी आणताना अँब्युलन्सच्या काचेतून त्याला तो दिसला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'मोहन्याची रॉकस्टार', आणि मध्ये हात जोडलेली कल्पिता. फोटो तिच्या मामेबहिणीच्या लग्नातला होता. पोरांनी शेजारी नेटवरून काढलेली लालभडक गिटार चिकटवली होती, सहा तारांची.

कल्पिता चार तारांची वाजवायची. तिला बेस म्हणतात, ती मागून घुमते, गिटार वेगळी, हे ती वीस वर्षं लोकांना समजावत आली होती. सहदेवच्या मनात पहिला विचार आला तो असा की, हे हिला घरी गेल्यावर सांगू, पोट धरून हसेल. मग त्याला कळलं आपण काय म्हणतोय ते.

पोरांचा तरी काय दोष? स्टेजवरचा तिचा एकही धड फोटो नव्हता. सगळ्या फोटोंत ती डावीकडे खाली बघत असायची, शंभर रुपयांची नोट पडली असावी तशी. डावीकडे खाली सहदेव बसलेला असायचा.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या खोलीतली सखुबाई येऊन बसली. तिने नातवाकडून फ्लेक्स वाचून घेतला होता. म्हणाली, एवढी मोठी होती तर मला आधी सांगायचं होतं, भिंत जरा हळू ठोकली असती. बाकीच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सहदेवला कित्येक तासांनी पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

सहदेव वायरमन. गाण्यातलं त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं. शब्द सुरू होईपर्यंत कुठलं गाणं चाललंय हेही त्याला ओळखता यायचं नाही. कल्पिताच्या आयुष्यात तो आला तो अर्थिंगमुळे. कंपनीच्या जुन्या क्वार्टरमध्ये त्यांची प्रॅक्टिस चालायची आणि गाताना ओठ माइकला लागला की तिला शॉक बसायचा. कोणीतरी सहदेवला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, अर्थिंगची तार नुसतीच हवेत लोंबत होती, ती जोडली आणि म्हणाला, आता गा. तिने भीत भीत माइकला ओठ लावला. शॉक नाही. पुढे लग्न ठरल्यावर ती सगळ्यांना सांगायची की, याच्यामुळे माझं तोंड उघडलं, आता भोगू दे.

तोंड उघडण्याला कारण होतं. तिचे वडील रेयॉनच्या कंपनीत तिसऱ्या पाळीला. रात्रभर काम आणि दिवसा झोप. त्यामुळे कल्पिताचं सगळं लहानपण कुजबुजत गेलं. भांड्याचा आवाज नाही, पाढे म्हणायचे तेही ओठांत. कंपनी बंद पडली, वडील रात्री झोपायला लागले, आणि हिने दिवसाढवळ्या अॅम्प्लिफायर आणला. बँडचं नाव 'तिसरी पाळी'. ड्रमवर देवेश, गिटारला समीक्षा. आम्ही इंडी आहोत, ती सहदेवला म्हणाली. म्हणजे काय, त्याने विचारलं. म्हणजे आमच्यामागे कुठली कंपनी नाही, सगळं आमचं आम्ही करतो. सहदेवला त्याचा अर्थ पहिल्याच कार्यक्रमाला कळला. सामान त्यालाच उचलायचं होतं.

तशी कारकीर्द मोठीच म्हणायची. दोन रेकॉर्ड निघाल्या. बंगलोरच्या कुठल्याशा वेबसाइटवर एकाने लिहिलं की, या बाईचा आवाज गंजलेल्या पत्र्यासारखा आहे. कल्पिताने ते तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं. सहदेव तक्रार कुठे करायची याची चौकशी करत होता, तेव्हा तिने सांगितलं की ते कौतुक आहे. ती डोंबिवलीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला होती. अधूनमधून एखादा चाहता तिला बघायला यायचा आणि थेट बोलायची हिंमत न झाल्याने डोळे तपासून जायचा. खडवलीला एकदा फार्महाउसवर बोलावणं आलं. हे गेले, तर हळद. त्यांना बँड म्हणजे बँडबाजा वाटला होता. देवेश परत निघाला होता, पण कल्पिताने हळदीची गाणी जशी आठवली तशी बेसवर धरली. नवरदेवाची आजी दीड तास नाचली. आपल्या आयुष्यातला सगळ्यात यशस्वी कार्यक्रम तो, असं कल्पिता म्हणायची.

एकच खोट होती. तिला स्वतःची गाणी पाठ नव्हती. ती गाणी करायची भाकऱ्या थापताना, रिक्षात, डॉक्टरांकडे फोन घेता घेता, आणि कागदावर कधी उतरवायची नाही. लिहिलं की वाळतं, म्हणायची. आणि स्टेजवर उभी राहिली की दुसरी ओळ गायब. म्हणून सहदेव कॅलेंडरची उलटलेली पानं घेऊन त्यांच्या पाठीवर जाड मार्करने ओळी लिहायचा आणि खाली बसून एकेक पान वर धरायचा. सुरुवातीला त्याने पूर्ण ओळी लिहिल्या. कल्पिताने ते बंद करवलं. पूर्ण दिसलं की मी वाचायला लागते, शाळेत धडा वाचल्यासारखं होतं. तू मला फक्त पहिला शब्द दे, बाकीचं माझं मी बघते.

तेव्हापासून सहदेव प्रत्येक ओळीचा पहिला शब्द लिहायचा.

तेरावं झालं आणि त्यानंतरच्या शुक्रवारी देवेश आणि समीक्षा आले. तिसऱ्या रेकॉर्डची सात गाणी कल्पिता गाऊन गेली होती. आठवं राहिलं होतं. ते तिच्या वडिलांवरचं, तिला सगळ्यात जवळचं. रविवारी डोंबिवलीत विश्रामच्या स्टुडिओत वेळ मिळाली होती. समीक्षा गाणार होती. चाल दोघांना येत होती. शब्दांसाठी ते सहदेवकडे आले होते.

सहदेव म्हणाला, आहेत ना. तो उठला, कपाटावरून गुंडाळी काढली, मार्चचं पान शोधलं आणि जरा ऐटीतच जमिनीवर पसरलं.

चपला. भांडी. शिट्टी. रेडिओ. बाबा. भोंगा. तरी. कोणी.

तिघं त्या पानावर वाकले.

"दादा, हे तर सामान आहे," देवेश म्हणाला.

सहदेवने पान उलटून पाहिलं. मागे मार्च महिना होता. होळीला लाल गोल केलेला.

मोबाइलवर कुठे असेल, त्याने विचारलं. नव्हतं. कच्चं गाणं कोणी रेकॉर्ड करायचं नाही, हा कल्पिताचा नियम होता आणि तिच्यासमोर तो मोडायची कोणाची टाप नव्हती. देवेशला एकही ओळ येत नव्हती. ड्रम वाजवणाऱ्याला शब्द ऐकूच येत नाहीत, तो म्हणाला, आणि हे त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं. समीक्षाला फक्त मधली ओळ येत होती, कारण त्या ओळीत ती साथ द्यायची. बाबा झोपलेत. तेवढी एक.

सहदेवने पेन घेतलं. त्याला वाटलं, आपण दोन महिने समोर बसलेलो, डोळे मिटले की येईल सगळं. त्याने डोळे मिटले. कल्पिताचा चेहरा आला, चिडलेला, पान लवकर वर धर म्हणणारा. शब्द आले नाहीत. तो नेहमी तिच्या ओठांकडे बघायचा, ती पुढच्या शब्दाला कधी येते एवढ्यासाठी. ऐकायचा कधी? गाणं बुडालं तर ते त्याच्या लिहिण्याने बुडणार होतं, हे त्याला आता स्वच्छ दिसत होतं.

दार उघडंच होतं. सखुबाई वाटीत कसलीशी भाजी घेऊन आली, तेराव्यानंतरही तिचं ते चालू होतं. खाली पसरलेलं पान बघून तिने विचारलं काय चाललंय. समीक्षाने एकेक शब्द वाचून दाखवला. सखुबाईने वाटी ओट्यावर ठेवली.

"चपला दाराबाहेर काढा. भांडी उद्या घासा. हे होय? ह्या गाण्यानं माझं डोकं उठवलंय दोन महिने."

सहदेवने पेन पुन्हा हातात घेतलं.

सखुबाई खाली बसली आणि गुडघा चोळत, मुळीच चाल न लावता, रेशनच्या दुकानात यादी सांगावी तशी सांगायला लागली. शिट्टी काढून ठेवा कुकरची. रेडिओला उशी द्या. बाबा झोपलेत. भोंगा आता वाजत नाही. तरी आम्ही कुजबुजतो. सहदेव भराभर लिहीत होता. मध्येच ती थांबून म्हणाली की हे कुकरचं खरंय, तिचे मालकही तिसऱ्या पाळीला होते, वीस वर्षं तिने वरणाला शिट्टी होऊ दिली नाही, झाकण धरून उभी राहायची. भिंतीपलीकडून कल्पी हे गायला लागली की आधी राग यायचा आणि मग हातातलं काम सुटायचं.

"मग भिंत का ठोकायचात, आजी?" समीक्षाने विचारलं.

"त्याच्यापुढं तुम्ही एकदम धिंगाणा घालता म्हणून."

ते खरं होतं. सातव्या ओळीनंतर तिघं मिळून सगळा आवाज सोडायचे, तशीच रचना होती. आणि त्या क्षणी पलीकडून लाटणं भिंतीवर बसायचं. कल्पिता हसायला लागायची, गाणं तिथेच थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन महिन्यांत या घरात ते गाणं सात ओळींच्या पुढे गेलंच नव्हतं.

आठवी ओळ 'कोणी'पासून सुरू होत होती. पुढे काय ते सखुबाईला माहीत नव्हतं. तिने ते ऐकूच दिलं नव्हतं. हे तिच्याही लक्षात आलं आणि गुडघा चोळणारा तिचा हात थांबला.

देवेश म्हणाला, सोपं आहे. कोणी उठवा त्यांना. धिंगाण्यानंतर तेच येणार. समीक्षाला ते पटलं नाही. ती म्हणाली, कोणी उठवू नका त्यांना, असंच असणार, ताईचा स्वभाव बघ ना. दोघांची जुंपली. एकाला वडिलांना उठवायचं होतं, दुसरीला झोपू द्यायचं होतं, आणि दोन्ही चालीत बसत होतं. शेवटी दोघांनी सहदेवकडे पाहिलं.

सहदेवने मग सांगितलं, जे त्याने तोवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. कल्पिताने ते गाणं एकदा पूर्ण म्हटलं होतं. एप्रिलअखेर, विश्रामच्याच स्टुडिओत, आवाजाची तयारी म्हणून. विश्राम बाहेर फोनवर होता, देवेश आणि समीक्षा अजून पोचायचे होते. सहदेव समोर पान धरून बसला होता.

"शेवटच्या ओळीला मी खाली वाकलेलो. एक्स्टेन्शन बोर्डाला जळका वास येत होता. प्लग काढून बघितला, गरम झालेला. मी वर बघितलं तेव्हा ती गाऊन मोकळी झालेली. मला म्हणाली, कसं वाटलं. मी म्हटलं, बोर्ड बदलायला पाहिजे."

कोणी हसलं नाही. मग सखुबाईला हसू आलं, तिने ते दाबलं, दाबता आलं नाही, आणि सहदेवही हसला. हसता हसता त्याचा चेहरा कसा तरी झाला म्हणून त्याने तो कॅलेंडरच्या पानाकडे वळवला.

कल्पिता त्यावर काय म्हणाली होती, हे समीक्षाने हळूच विचारलं. काही नाही, सहदेव म्हणाला. तिने बोर्डाला नमस्कार केला आणि आम्ही वडापाव खायला गेलो.

देवेशने जाताना पुन्हा विषय काढला. दादा, तुम्ही एक काहीतरी ठरवा, तुम्ही म्हणाल ते आम्ही गाऊ, तुमचा हक्क आहे. सहदेवने रात्री आणि शनिवारी दिवसभर प्रयत्न करून बघितला. फॅनचं कनेक्शन जोडताना त्याच्या मनात चार ओळी आल्या. चारही बऱ्या होत्या, एक तर देवेश आणि समीक्षा दोघांपेक्षा बरी होती. पण प्रत्येक ओळ म्हणून बघताना त्याला आपलाच आवाज ऐकू यायचा. वीस वर्षं त्याने पहिला शब्द द्यायचा आणि बाकीचं तिने बघायचं, असं ठरलेलं होतं.

रविवारी स्टुडिओत तो समीक्षासमोर खाली बसला. तिला पूर्ण गाणं पाठ होतं, पानाची गरज नव्हती, पण ती त्याला उठ म्हणाली नाही. सखुबाई हट्टाने सोबत आली होती. तिला मागच्या खुर्चीवर बसवलं होतं आणि विश्रामने तिला काहीही ठोकायचं नाही असं तीनदा बजावलं होतं. समीक्षाने सात ओळी म्हटल्या. मग धिंगाणा झाला. सहदेवने 'कोणी'वर बोट ठेवलं. समीक्षाने तेवढा शब्द गायला आणि पुढे ओळभर जागा सोडून दोघांनी वाजवणं चालू ठेवलं.

विश्रामने काचेपलीकडून विचारलं, पुढचं काय करायचं. सहदेव म्हणाला, एवढंच ठेव, मी सांगतो नंतर.

त्याला आता चार महिने झाले. सात गाणी तयार आहेत, आठव्याच्या सात ओळी झाल्या आहेत. एक ओळ राहिली आहे, आणि ती मिळेपर्यंत सहदेवने रेकॉर्ड काढायला होकार दिलेला नाही.