सगळ्यात हलका टॅब

पडलेला टॅब कोपऱ्यातून फुटतो आणि हाणलेला मधून. मी बारा वर्षं काचा बदलतोय, त्यामुळे गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत त्याच्या घरात काय झालंय ते मला कळतं. कोपऱ्यापासून तिरकी चीर गेली असली, तर हातातून सुटला. मधोमध जाळं पडलं असलं, तर कोणीतरी तो कशावर तरी हाणलाय. गिऱ्हाईक मात्र दर वेळी सांगणार, "पडला हो." मीही म्हणतो, "पडायचाच, वस्तू आहे." दुकान चालवायचं तर तोंडाला कुलूप लावावं लागतं. माझ्यासारख्या डोकं फिरलेल्या माणसालासुद्धा.

डोकं फिरलेला हे मी स्वतःच म्हणतो, लपवत नाही. साऱ्या गल्लीला माझा राग माहीत आहे. मुलगी माझ्यावर गेली. दूध गार लागलं तर बाटली फेकून द्यायची. मी तिला ठिणगी म्हणायचो आणि चारचौघांत कौतुकानं सांगायचो, हिच्या वाटेला कोणी जाऊन दाखवा. लेकीला मी कधी बोट लावलं नाही, याचाही मला अभिमान होता. आता ती हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायचं काम करते. लग्नाला तीन वर्षं झाली.

जावई म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. छापखान्यात प्रुफं तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वाचतो आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या आवडीचं वाचत बसतो. मला तो फारसा पटला नव्हता. इतकं हळू बोलतो की समोरच्याला वाटावं आपलेच कान गेले. पण मुलीनं निवडला होता, आणि तिला नाही म्हणायची हिंमत घरात कोणाचीच नव्हती.

मंगळवारी दुपारी तो दुकानात आला. जेवणाची वेळ होती, गिऱ्हाईक कोणी नव्हतं. मागच्या टेबलावर तापलेल्या पाटीवर मी एका टॅबची काच सैल करायला ठेवली होती.

"बाबा, एक टॅब हवा होता. स्वस्तातला."

"पुन्हा? वर्षात हा तिसरा. चावून खाता की काय, जावईबापू?"

तो हसला. हसताना ओठाची डावी बाजू त्यानं सांभाळून हलवली, पण तिकडे मी लक्ष दिलं नाही. म्हणाला, "रोज थोडं वाचायला. आणि सुट्टीला एखादा सिनेमा. बाकी काही नाही."

असं कोणी म्हटलं की मी खुलतो. काउंटरवर चार टॅब मांडले आणि सुरू झालो. "नुसतं वाचायचं तर आठ इंची बस झाला, आडवं पडून एका हातात धरता येतो. सिनेमासाठी दहा इंची बरा, पण स्वस्तातल्याचा पडदा उजेडात आरसा होतो, हिरोऐवजी स्वतःचंच तोंड बघत बसाल. कॅमेऱ्याच्या जाहिरातीला भुलू नका. कार्ड घालायची जागा आहे का ते बघा, आणि स्पीकर दोन हवेत. एकच असला की सिनेमातली सगळी माणसं डाव्या कानात कुजबुजतात."

त्याचं लक्षच नव्हतं. तो एकेक टॅब उचलून तळहातावर तोलत होता.

"ह्याचं वजन किती असेल?"

"वजन? भाजी घ्यायला आलात का?"

"नाही, म्हणजे... सगळ्यात हलका कोणता?"

कुरिअरची पाकिटं तोलायचा छोटा काटा काउंटरवर असतो. त्यानं स्वतःच चारही टॅब एकेक करून त्याच्यावर ठेवले. सगळ्यात हलका होता तो प्लास्टिकच्या पाठीचा आठ इंची, माझ्या दुकानातला सगळ्यात भिकार माल. त्यानं त्याच्या चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. "ह्याच्या कडाही गोल आहेत," तो म्हणाला. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

"खेळणं आहे ते. चित्र फिकट, आवाज पत्र्याचा. मागचा मी स्वतः निवडून दिला होता, धातूच्या पाठीचा. तो दहा वर्षं मोडला नसता. त्याचं काय केलंत?"

त्यानं पिशवीतून तो काढून काउंटरवर ठेवला.

"पडला," तो म्हणाला.

मी तो दिव्याखाली धरला. चारही कोपरे धड होते. मधोमध वाटीच्या तोंडाएवढा गोल चुरा झाला होता आणि तिथून चिरा चहूकडे पळाल्या होत्या. धातूची पाठही तेवढीच वाकली होती. सपाट बाजूनं, पूर्ण जोरानं, कुठल्यातरी गोल आणि टणक गोष्टीवर हाणलेला. गुडघा, नाहीतर कोपर, नाहीतर डोकं. चिरांमध्ये तपकिरी काहीतरी वाळलं होतं. मी नखानं खरवडून पाहिलं. रक्त होतं.

गेल्या रविवारी मुलगी घरी आली होती तेव्हा तिच्या उजव्या मनगटाला पट्टी होती. "पेशंटला उचलताना लचकलं," असं म्हणाली होती. मी विश्वास ठेवला होता. आता मला दिसलं ते असं: ह्यानं टॅब उगारला, तिनं हात मध्ये घातला, एक वार मनगटावर झेलला आणि दुसरा डोक्यात बसला.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी काउंटरच्या बाहेर आलो आणि शटर अर्ध्यावर ओढलं.

"कोणाच्या डोक्यात घातलास?"

आजवर मी त्याला अहो-जाहो करायचो. एकेरी ऐकून तो जागच्या जागी गोठला. त्यानं चष्मा काढला, मिटला आणि काट्याच्या पलीकडे, पडणार नाही अशा जागी ठेवला. मला वाटलं, ही कबुलीच आहे.

पहिली थप्पड कानावर बसली. दुसऱ्यांदा मूठ वळली होती. त्याचं डोकं मांडणीवर आदळलं आणि वरची खोकी आमच्या अंगावर कोसळली. मी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढत नेलं. तोल सावरायला त्यानं हात टेकला तो नेमका तापलेल्या पाटीवर. कातडीचा आवाज झाला, वास आला. तो ओरडला नाही, त्यानं फक्त हात उचलला. मी त्याच्या बरगडीत लाथ घातली, मग पोटात, मग पुन्हा बरगडीत. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. किती दिवसांनी हात मोकळा झाला होता. एकेका फटक्याबरोबर मी विचारत होतो, "मारशील? माझ्या लेकीला मारशील?" आणि उत्तराची वाट न बघता पुढचा मारत होतो.

तो सरकत सरकत टेबल आणि भिंतीच्या कोपऱ्यात गेला आणि तिथे बसला. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, दोन्ही हात कानांवरून डोक्यामागे. आता माझ्या लाथा त्याच्या नडग्यांवरच बसायला लागल्या. तो तोंडातून हूं की चूं करत नव्हता. नाकातून श्वास घेत होता, मोजून घेतल्यासारखा.

मी त्याला आणखी दोन लाथा घातल्या आणि मग माझा पाय थांबला.

ते बसणं मला माहीत होतं. आमच्या घरात कपाट आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा आहे. तिथं माझी बायको असंच बसायची. अशीच हनुवटी, असेच हात, असाच बिनआवाजाचा श्वास. सहा वर्षं झाली ते सगळं बंद होऊन. मी सोडलंय, असं मी धरून चाललो होतो. सोडलं म्हणजे झालं, पुसलं गेलं.

मारणाऱ्या माणसाला मार खायची एवढी सवय नसते. हे मला कळायला बारा वर्षांचं काचांचं ज्ञान उपयोगी पडलं नाही.

त्याचा शर्ट खांद्यावर फाटला होता. खाली निळे, हिरवे, पिवळे डाग होते, म्हणजे वेगवेगळ्या आठवड्यांचे. ते मी केलेले नव्हते. केस बाजूला केले तर डोक्यात तीन टाके.

"हे कोणी केलं?"

"पडलो," तो म्हणाला. अगदी गिऱ्हाइकासारखा.

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. "असं बसायला कुठे शिकलात?" मी विचारलं. तोंडात आपोआप अहो-जाहो परत आलं होतं.

तो म्हणाला, "आईंनी दाखवलं." माझ्या बायकोला तो आई म्हणतो. "चष्मा आधी काढायचा, म्हणाल्या. भिंतीचा कोपरा धरायचा, म्हणजे मागून काही येत नाही. आणि ओरडायचं नाही. ओरडलं की वाढतं."

मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. नुसती लाज नव्हती ती. माझ्या घरात माझ्या पाठीमागे माझी बायको जावयाला माझा मार खाऊन शिकलेली विद्या शिकवत होती, आणि मी बाहेरच्या खोलीत बसून लेकीच्या रागाचं कौतुक करत होतो.

"ती वाईट नाही, बाबा," तो म्हणाला. "मी वाचताना उत्तर द्यायला वेळ लावतो. तिला वाटतं मी मुद्दाम करतो. मग हातातलं हिसकावते आणि तेच मारते. त्या दिवशी तिचंच मनगट दुखावलं. नंतर रडली, स्वतः टाके घालायला घेऊन गेली." तो भिंतीला धरून उठला. "मला पाचच्या आत घरी पोचायचंय. ती यायच्या आत नवा सुरू करून ठेवला की जुन्याचा विषय निघत नाही. तो हलका द्या."

मी तो हलका टॅब खोक्यात घातला. खोकं पिशवीत घातलं. पिशवी त्याच्यापुढे धरली आणि मग माझ्याच्यानं ती सोडवेना. त्यात मी काय घालून देतोय ते मला स्पष्ट दिसत होतं.

"घरी चला," मी म्हणालो. "आमच्या घरी."

बायकोनं दार उघडलं. तिनं आधी माझ्या मुठींकडे पाहिलं आणि मग त्याच्या तोंडाकडे. एक अक्षर न विचारता तिनं त्याला पलंगावर बसवलं, भाजलेला हात पाण्यात धरला, ओल्या फडक्यानं ओठ पुसला.

"मला वाटलं, ह्यानं तिला मारलं," मी म्हणालो.

"तिला कोणीच कधी मारलं नाही," ती फडकं पिळत म्हणाली. "तिनं फक्त बघितलं."

मी मुलीला फोन केला. सहा वाजता ती कामावरून तशीच आली, बाह्यांना प्लास्टरची पांढरी भुकटी. नवऱ्याचं तोंड बघून ती दारातच थांबली. "कोणी हात लावला ह्याला?" आवाज माझा होता, शब्दन्शब्द माझा.

"मी."

ती दोन ढांगांत माझ्यापर्यंत आली आणि पट्टी बांधलेल्या हातानंच तिनं माझ्या तोंडावर ठोसा मारला. दात ओठात रुतला, रक्त जिभेवर आलं. तिनं कॉलर धरून दुसरा मारला. आणि माझा हात वर गेला. मी उचलला नाही, तो गेला. आमचे दोघांचे हात हवेत होते तेव्हा पलंगाचा आवाज झाला.

आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं. पलंगावर ती दोघं शेजारी शेजारी बसली होती, माझी बायको आणि मुलीचा नवरा. दोघांची हनुवटी एकदमच छातीला लागली होती. दोघांचे हात कानांवर होते. त्यांना कोणी मारत नव्हतं.

मुलीचा हात हळूहळू खाली आला. ती माझ्याकडे वळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं.

"बाबा, तुम्ही कसं सोडलंत?"

तिला खरंच हवं होतं उत्तर. माझ्याकडे ते असतं तर मी सगळं विकून तिला दिलं असतं.

"सहा वर्षांपूर्वी खांदा निखळला होता," मी म्हणालो. "बरेच महिने हात वर जायचा नाही. म्हणून बंद पडलं. सोडलं नाही मी. आज दुपारी ह्याला मारलं तेव्हा मला बरं वाटलं."

तिला रडू फुटलं. मी तिच्याजवळ जायला हवं होतं, पण मला माझ्या हातांचा भरवसा वाटेना.

बायको उठली. तिनं माझा एक शर्ट, औषधाची डबी आणि टॉवेल एका पिशवीत घातला. पिशवी माझ्या हातात दिली आणि दार उघडून उभी राहिली.

"हा इथे राहील," ती म्हणाली. "तुम्ही दोघं जा."

"कुठे?"

"तिच्या घरी. ते घर रिकामंच आहे."

"किती दिवस?"

"मला काय विचारता? तुमचं तुम्ही बघा दोघं."

मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. उठून आमच्यामागे आलाही नाही. आम्ही बाहेर पडलो आणि मागे दाराची वरची कडी लागली, मग खालची.

जिना अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस उतरू शकतं. मी म्हणालो, "तू हो पुढे." ती म्हणाली, "नको, तुम्ही व्हा." एकमेकांकडे पाठ कोणालाच करायची नव्हती. खालच्या मजल्यावरचा दिवा लागेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.